बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे : १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी मी गावच्या समाजमंदिरात आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर गणित करत बसतो. गाव बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या वाटेवर, भाताच्या शिवारात. एका २२ डिसेंबरला, गणित दिनाच्या निमित्ताने, आम्ही फरशीवर खडूने बुद्धिबळाचा पट आखला, त्याच्या घरांत तांदळाचे दाणे मांडले आणि भिंतीवर ही वीस अंकी संख्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली. तेव्हापासून मुले, त्यांचे पालक, कॉलेजात गेलेले जुने विद्यार्थी, सगळे तिच्याबद्दल विचारत असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र ठेवली आहेत.

ही संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती अशी दिसते : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. कोटीच्या पुढची नावे आता कुणाच्या तोंडी नाहीत, म्हणून मी मुलांना कोटीच्याच मापाने वाचायला सांगतो : एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी-कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंच्याण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. आमच्याकडे एका घरात पाढे म्हणतात तर शेजारच्या घरात मग्गी, आणि बसच्या पाटीवरचे अंक कन्नडमध्ये असतात. पण लाख आणि कोटी दोन्ही भाषांत तेच आहेत, त्यामुळे हे वाचन दोन्ही घरांत चालते.

जुनी नावे हवी असतील तर भास्कराचार्यांची यादी आहे. इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त स्थानांची नावे एकं, दशपासून सुरू होऊन अठराव्या स्थानी परार्धावर थांबतात. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे त्या यादीच्या दोन पावले पुढे. ‘१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी…’ असे म्हणत खाली उतरावे लागते. त्यांच्या आधी सुमारे तीनशे वर्षे, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी मात्र ‘गणितसारसंग्रहा’त चोवीस स्थानांना नावे दिली. त्यांच्या यादीत विसावे स्थान महाशंख. म्हणजे आपल्याच कर्नाटकातल्या त्या गणितज्ञाच्या शब्दांत ही संख्या ‘एक महाशंख, आठ शंख’ अशी सुरू होते. मला हे वाचन सगळ्यात आवडते.

ती येते कुठून?

पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. चौसष्ट घरे भरली की दाण्यांची एकूण बेरीज ही.

गोष्ट अशी सांगतात की बुद्धिबळ शोधून काढणाऱ्याने राजाकडे हेच बक्षीस मागितले. अरबी ग्रंथांत त्याचे नाव सिस्सा असे येते. गोष्ट खरी की रचलेली यात मी पडत नाही. बेरीज मात्र फार जुनी आहे : इ. स. १००० च्या सुमारास अल् बिरुनीने ती अचूक करून ठेवली होती.

दुप्पट म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांना दामदुप्पट आठवते. व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा तो जुना नियम; कर्ज एकदा दुप्पट झाले की तिथे थांबायचे. असा नियम लोकांना का करावा लागला असेल, हे पटावरची तिसरी ओळ मांडताना मुलांना आपोआप कळते. इथे दुप्पट एकदा नाही, त्रेसष्ट वेळा होते.

चौसष्ट आकड्यांची बेरीज करत बसायची का?

नाही. पटाबाहेर एक जादा दाणा ठेवा. पहिल्या घरातला एक आणि हा एक मिळून दोन, म्हणजे दुसऱ्या घराइतके. त्यात दुसऱ्या घरातले दोन मिळवले की चार, तिसऱ्या घराइतके. असेच चालत राहिले तर चौसष्टावे घर संपल्यावर हातात येतो २ चा ६४ वा घात. बाहेरून आणलेला दाणा परत काढला की उत्तर : २ चा ६४ वा घात उणे १.

याचा आणखी एक अर्थ निघतो. कुठल्याही घरात त्याच्या आधीच्या सगळ्या घरांची बेरीज अधिक एक एवढे दाणे असतात. एकट्या चौसष्टाव्या घरात ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ दाणे, आणि बाकीच्या त्रेसष्ट घरांत मिळून त्याहून एक कमी.

‘लीलावती’तही याच जातीचे एक उदाहरण आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करतो. महिन्याभरात किती निष्क (निष्क हे जुने नाणे) दिले? कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. एका निष्काच्या २०,४८० कवड्या, तेव्हा निष्क होतात १,०४,८५७ आणि वर थोडी मोड. मुलांना हे आधी द्यावे, मग पट मांडावा. महिन्याचे तीस दिवस हाताशी असतात, चौसष्ट घरे नसतात.

कॅल्क्युलेटरशिवाय २ चा ६४ वा घात निघतो का?

निघतो, आणि चौसष्ट वेळा दुप्पटही करावी लागत नाही. सहा वेळा वर्ग करायचा :

२ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, ६५,५३६ चा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे आपला घात.

घात अर्धा करायचा आणि वर्ग करायचा, ही रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रातली. त्याला मोजायचे होते लघु-गुरूंचे प्रकार. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणजे दोन शक्यता. अक्षर वाढले की प्रकार दुप्पट. अनुष्टुभाच्या एका श्लोकात ३२ अक्षरे. छंदाचे बंधन सोडून दिले तर एका श्लोकात लघु-गुरूंच्या ४,२९,४९,६७,२९६ मांडण्या होतात, आणि दोन श्लोकांत मिळून पटावरच्या दाण्यांपेक्षा एक जास्त. मराठीच्या तासाला वृत्ते ओळखताना U आणि – या खुणा करणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. तीच खूण पुढे गणिताच्या तासाला येते.

शेवटचा वर्ग तेवढा अवघड. त्यासाठी संख्या मधोमध तोडा : ४२९४९ आणि ६७२९६. मग (अ + ब) चा वर्ग :

४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८
६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६

पहिल्यापुढे दहा शून्ये, दुसऱ्यापुढे पाच शून्ये, तिसरा तसाच. बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. आमच्याकडे नववीच्या एका मुलीने हे पाठकोऱ्या कागदावर पाऊण तासात केले. पहिल्या वेळी हातचा चुकला होता, तो तिने नवाच्या पडताळणीने पकडला. ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, त्याची १३, त्याची ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. जुळले.

“एवढं तांदूळ कुठनं आणूचं ओ सर?”

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा निवांत उत्तर देतो.

मुलांनी बासमतीचे हजार दाणे मोजले. वजन २५ ग्रॅमच्या आसपास भरले. त्या हिशेबाने किलोत ४०,००० दाणे. सोनामसुरीसारखा बारीक तांदूळ घेतला तर किलोत दाणे पुष्कळ जास्त बसतात आणि पुढचे सगळे आकडे कमी होतात. पण कितीही बारीक घेतला तरी गोष्टीचा निकाल बदलत नाही.

पहिली ओळ, आठ घरे : २५५ दाणे, साडेसहा ग्रॅमही नाहीत. दोन ओळी झाल्या की ६५,५३५ दाणे, दीड किलोच्या थोडे वर. इथपर्यंत आम्ही खरोखर मांडले होते, घराघरांतून वाटीवाटी तांदूळ आणून. तीन ओळींना १,६७,७७,२१५ दाणे म्हणजे सुमारे ४२० किलो. पन्नास किलोची आठ पोती आणि वर थोडे. एवढे गावात कुणाच्याही कोठारात मिळेल. चार ओळी, अर्धा पट : ४,२९,४९,६७,२९५ दाणे, सुमारे १०७ टन. बेळगावच्या रविवार पेठेत धान्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांना मी हा आकडा सांगितला. ते म्हणाले, “दोन हजारांवर पोती. हरकत नाही, चार-पाच गिरण्या फिरून जमवू.” उरलेल्या अर्ध्या पटाचे सांगितल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि स्वतः हिशेब करायला बसले.

पूर्ण पटाला लागतात सुमारे ४६,००० कोटी टन. सगळ्या जगात वर्षाला तांदूळ पिकतो साधारण ५० ते ५५ कोटी टन. म्हणजे जगातल्या प्रत्येक शेतातला प्रत्येक दाणा साडेआठशे-नऊशे वर्षे कुणीही न खाता साठवायचा.

हा तांदूळ ठेवायचा कुठे? घनमीटरमध्ये ८०० किलो धरले तर तो सुमारे ५७६ घन किलोमीटर जागा व्यापतो. घटप्रभेवरच्या हिडकल धरणात ५१ टीएमसी पाणी मावते. तशी चारशे धरणे लागतील. किंवा असे करा : अख्ख्या बेळगाव जिल्ह्यावर पसरा, खानापूरच्या जंगलापासून अथणीच्या माळापर्यंत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण १३,४०० चौरस किलोमीटर. तांदळाचा थर होतो ४३ मीटर. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो. धबधब्याच्या तळाशी उभे राहून वर बघा. त्याच्या कड्याच्या जरा खाली हात धरला की तिथवर तांदूळ, निपाणीतही, रामदुर्गातही, सौंदत्तीतही. मुलांच्या डोळ्यांसमोर ही संख्या पहिल्यांदा उभी राहिली ती या उत्तराने.

पोती मोजायची तर पन्नास किलोची ९,२२,३३७ कोटी. हे अंक ओळखीचे वाटले का? चौसष्टाव्या घरातल्या दाण्यांचेही पहिले अंक हेच आहेत. एका पोत्यात वीस लाख दाणे. वीस लाखांनी भागणे म्हणजे निम्मे करून सहा स्थाने सरकवणे. म्हणून.

नुसत्या अंकांकडे बघून काय कळते?

शेवटचा अंक ५ आहे, म्हणून पाचाने भाग जातो. तो ५ च का, हेही सांगता येते : दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला चाराने भाग जातो, म्हणून घाताच्या शेवटी ६, आणि त्यातून एक गेला.

अंकांची बेरीज ८७. तिनाने भाग जातो, नवाने जात नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजा ६२ आणि २५, फरक ३७, म्हणून अकराने जात नाही. साताने भागले तर बाकी १ उरते. ८ ला साताने भागल्यावर बाकी १, आणि २ चा ६३ वा घात म्हणजे ८ चा २१ वा, तेव्हा त्याचीही बाकी १, त्याच्या दुपटीची २, त्यातून एक गेला की १.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. ३ आणि ५ ने भाग जातो हे वर आलेच.

मग तिचे मूळ अवयव कोणते?

या उत्तरासाठीच मला ही संख्या जवळची वाटते. लोक तिच्या आकारावर थक्क होतात. मी मुलांना सांगतो की आकार बाजूला ठेवा, ती उघडते कशी ते बघा. किल्ली नववीच्या पुस्तकात आहे :

अ² – ब² = (अ – ब)(अ + ब)

२ चा ६४ वा घात हा ४२९४९६७२९६ चा वर्ग, आणि १ हा १ चा वर्ग. म्हणून आपली संख्या = ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. आता पहिला अवयव बघा. तोही एका वर्गापेक्षा एकाने कमी : ६५५३५ × ६५५३७. ६५५३५ पुन्हा तसाच : २५५ × २५७. २५५ म्हणजे १५ × १७. १५ म्हणजे ३ × ५. कांद्याचा पापुद्रा निघावा तसा एकेक निघत जातो, आणि शेवटी हातात :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

कागदावर पाच ओळी. वीस अंकी संख्येचे अवयव एखाद्या मुलासमोर असेच टाकले तर तो महिनाभर भागाकार करत बसेल. इथे एकही भागाकार केला नाही. जे सूत्र मुले गुणांसाठी पाठ करतात, त्याची खरी ताकद मी त्यांना इथे दाखवतो, आणि दरवेळी वर्गात तेच होते : २५५ पर्यंत आले की कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडते, “सर, परत तेच!”

पहिले पाच अवयव मूळ आहेत. शेवटचा नाही, आणि त्याची स्वतःची कथा आहे.

४२९४९६७२९७ ची काय कथा?

३, ५, १७, २५७, ६५५३७ या सगळ्या ‘एका विशिष्ट घातापेक्षा एक जास्त’ अशा संख्या : दोनचा घात १, २, ४, ८, १६ आणि अधिक एक. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटले की ही माळ पुढेही मूळ संख्यांचीच चालेल. पुढचा मणी म्हणजे घात ३२, आपली ४२९४९६७२९७. जवळजवळ शंभर वर्षे कुणालाच तिचा अवयव सापडला नाही. १७३२ मध्ये ऑयलरने तो दाखवला : ६४१ × ६७००४१७.

सापडला कसा? त्याचा एक नियम आहे : या संख्येला मूळ अवयव असलाच तर तो ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असणार. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१… पाचव्याच प्रयत्नाला भाग गेला. आधी विचार, मग भागाकार.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येते. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ हे उणे १ सारखे वागते (त्यात १ मिळवला की ६४१ ने भाग जातो). त्याचा चौथा घात केला तर ५ चा चौथा × २ चा २८ वा हा अधिक १ सारखा. दुसऱ्यावरून, ५ चा चौथा घात हा उणे (२ चा चौथा) सारखा वागतो. तो बदलून ठेवला की उणे (२ चा ३२ वा) हा १ सारखा. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ ने निःशेष भाग. दहावीची मुले हे दोनदा ऐकतात, तिसऱ्यांदा स्वतः फळ्यावर लिहितात.

६७००४१७ आणखी फुटत नाही याची खात्री कशी?

तिचे वर्गमूळ २५८८ च्या जरा वर. साध्या रीतीने तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावे लागेल. पण पुढे फ्रेंच गणितज्ञ ल्युकासने ऑयलरचा नियम आणखी घट्ट केला : इथले अवयव १२८ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असतात. २५८८ च्या आत अशा मूळ संख्या पाचच : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. पाच भागाकार, संपले. ही संख्या मूळ आहे.

तेव्हा पूर्ण उत्तर : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळे मूळ अवयव, एकही दोनदा नाही. त्यामुळे विभाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८. प्रत्येक अवयव घ्यायचा की नाही एवढेच ठरवायचे.

रांगोळीचा या संख्येशी काय संबंध?

आमच्या वर्गातल्या मुलींनी समाजमंदिराच्या दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी बघून हा प्रश्न आला होता. ती मेरुप्रस्ताराची होती. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात हा प्रस्तार समजावला आहे. वर १, खाली १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १. प्रत्येक आकडा डोक्यावरच्या दोघांची बेरीज. आता विषम आकड्याच्या जागी रंगीत ठिपका द्या, सम असेल तिथे जागा मोकळी सोडा. त्रिकोणात त्रिकोण उमलत जातात.

प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांना उजवीकडून १, २, ४, ८ अशी पटावरच्या घरांची किंमत द्या आणि बेरीज करा. ओळींच्या किमती येतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७… पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे ४२९४९६७२९५ चे बत्तीसच्या बत्तीस विभाजक, चढत्या क्रमाने. आणि चौसष्टाव्या ओळीत एकही जागा मोकळी नाही : चौसष्ट ठिपके, चौसष्ट भरलेली घरे, आपलीच संख्या. आम्ही सोळा ओळींपर्यंतच काढली, तेवढ्यात पांढरी रांगोळी संपली. पण नमुना पुरेसा दिसतो.

यातल्या दुसऱ्या ते बत्तिसाव्या ओळीच्या किमतींना भूमितीतही मान आहे. १७९६ मध्ये गाउसने दाखवले की कंपास आणि पट्टीने सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. अशा रीतीने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या जेवढ्या आकृत्या आज माहीत आहेत, त्यांच्या बाजूंच्या संख्या म्हणजे नेमक्या या एकतीस. सगळ्यात मोठीला ४,२९,४९,६७,२९५ बाजू.

संगणकात ही संख्या का भेटते?

संगणक संख्या ० आणि १ ने लिहितो. चौसष्ट जागा आणि सगळीकडे १, म्हणजे ही संख्या. चौसष्ट बिटांत मावणारी सगळ्यात मोठी. तिच्यात एक मिळवला की मोटारीच्या जुन्या मीटरसारखे सगळे अंक फिरून शून्यावर येतात.

एक्सेलमध्ये २ चा ६४ वा घात काढला तर शेवटी शून्ये दिसतात. चूक कुणाची?

चूक नाही, मर्यादा आहे. एक्सेल पंधराच अंक दाखवते, पंधरावा जवळच्या अंकावर नेते आणि पुढे शून्ये भरते : १८४४६७४४०७३७०९६०००००. एका पालकांनी हे बघून मुलाच्या वहीतले बरोबर उत्तर खोडायला लावले होते. मुलगा बरोबर होता. शेवटी पाच शून्ये असती तर संख्येला ५ च्या पाचव्या घाताने भाग गेला असता, आणि दोनच्या घाताला तर एकदाही पाचाने भाग जात नाही. यंत्राने दिलेले उत्तर असे एका ओळीत तपासता येते.

काशीच्या चौसष्ट चकत्यांची गोष्ट हीच का?

संख्या तीच. १८८३ मध्ये एदुआर ल्युकासने तीन खुंट्यांचे कोडे काढले (एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही) आणि त्याला काशीच्या मंदिराची गोष्ट जोडली. चौसष्ट चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर न्यायला किमान इतक्याच चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे. विश्वाचे वय साधारण १,३८० कोटी वर्षे मानतात, त्याच्या बेचाळीस पट. वर्गात करायचे तर पाच चकत्या घ्या. ३१ चालींत होते.

हे एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, परीक्षेत येते का?

ही संख्या येत नाही. तिला उघडणारी साधने, म्हणजे वर्गांतराचे सूत्र, विभाज्यतेच्या कसोट्या, शाळेच्या अभ्यासक्रमात आहेत.

याच्या शेजारी आणखी काही बघण्यासारखे आहे का?

थोडे अलीकडे २ चा ६१ वा घात उणे १ ही मूळ संख्या आहे. आणि अगदी जवळ, आपल्या संख्येत फक्त २ मिळवून येणारी १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हा फर्माच्या माळेतला पुढचा मणी, २ चा ६४ वा घात अधिक १. तिला ना तिनाने भाग जातो, ना पाचाने, ना सतराने; आपल्या संख्येचा एकही अवयव तिला लागत नाही, कारण दोघींना भागणारी संख्या त्यांच्या फरकाला, म्हणजे २ ला, भागली पाहिजे, आणि दोघी तर विषम.

१८८० मध्ये फोर्त्युने लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तिचे अवयव काढले : २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. ल्युकासचा नियम इथेही लागतो, फक्त १२८ च्या जागी २५६. येत्या रविवारी आम्ही हा गुणाकार हाताने करून बघणार आहोत. तोवर घरी एवढे करून या : २७४१७७ मधून १ वजा करा आणि २५६ ने भागा. १०७१ येतील, बाकी शून्य.